डॅक बदलायचा की राहू द्यायचा? वीम प्रो आणि टॉपिंग ई३० टू, मुंबईतल्या घरांच्या हिशेबाने

अँप (अँप्लिफायर) आणि स्पीकर पंधरा-वीस वर्षांचे, पण ठणठणीत. सीडी प्लेअर मधूनच डिस्क घ्यायला नकार देतो. टीव्हीचा आवाज याच स्पीकरवर यावा अशी घरातल्या सगळ्यांची मागणी. फोनवरची गाणी ब्लूटूथने वाजतात, पण मन भरत नाही. अशी घरं मुंबईत गिरगावपासून ठाण्यापर्यंत पसरलेली आहेत, आणि दुकानात गेलं की बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: नवा डॅक घ्या, आवाज उघडेल. डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचा अँपला चालेल असा ॲनालॉग सिग्नल बनवणारा भाग; तो सीडी प्लेअरच्या आतही असतो.

या परीक्षणासाठी दोन वस्तू निवडल्या आहेत. एक, वीम प्रो: लिंकप्ले या कंपनीने २०२२मध्ये आणलेला स्ट्रीमर, म्हणजे नेटवरून गाणी ओढून अँपला देणारी डबी. दोन, टॉपिंग ई३० टू: यूएसबी, कोॲक्सिअल आणि ऑप्टिकल असे तीन डिजिटल इनपुट असलेला, तळहाताएवढा साधा डॅक. निकाल आधीच सांगतो. वीम प्रो पुष्कळांनी घ्यावा, पण सोयीसाठी आणि खोलीत घुमणारे सूर आवरण्यासाठी. ई३० टू ज्यांच्याकडे विशिष्ट अडचण आहे त्यांनीच घ्यावा. त्या अडचणी पुढे दिल्या आहेत. आणि सीडी प्लेअर नीट चालत असेल, ऐकायला सीडीच असतील, तर निव्वळ डॅकच्या आवाजासाठी यातलं काहीही घेऊ नये. ते पैसे स्पीकरकडे आणि खोलीकडे वळवावेत.

हे ठामपणे म्हणता येतं याचं कारण गणितात आहे. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हापासून तिचं मोजमाप ठरलेलं आहे: १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने. यातून २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण मिळतो आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९८ डेसिबलचं अंतर मिळतं. आता घरातली शांतता मोजा. रस्त्याकडेच्या इमारतीत रात्री खिडक्या लावून, पंखा मंद ठेवूनही ४० डेसिबलच्या खाली जाणं कठीण. ४० वर ९८ चढवले की १३८ होतात. इतक्या मोठ्याने कोणी ऐकत नाही, ऐकलं तर कान जातील. म्हणजे १६ बिटचाच तळ खोलीच्या आवाजाखाली गाडला जातो. २४ बिट रेकॉर्डिंग करणाऱ्याला मोकळीक देतात, मिक्सिंगमध्ये उपयोगी पडतात. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत तो फायदा पोचत नाही. हाय-रेझची (सीडीहून जास्त बिट आणि नमुन्यांची) एखादी प्रत खरोखर वेगळी वाजली तर बहुतेकदा तिचं मास्टरिंग, म्हणजे विक्रीआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात, वेगळं असतं.

चिपच्या नावाचंही तसंच. वीम प्रो प्लस या थोरल्या भावात एकेएम या जपानी कंपनीची एके४४९३ घराण्यातली चिप आहे, ई३० टूमध्येही त्याच घराण्यातल्या दोन आहेत, आणि खोक्यावर ते ठळक छापलेलं असतं. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा अनेक कंपन्यांना आराखडे बदलून ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिपकडे वळावं लागलं. नीट बांधलेल्या डॅकमध्ये यापैकी कुठलीही चिप कानाला ऐकू येईल असा फरक पाडत नाही. फरक पडतो तो वीजपुरवठ्यामुळे, आउटपुटच्या व्होल्टेजमुळे आणि जोडणीतल्या चुकांमुळे. सेटिंगमध्ये मिळणारे डिजिटल फिल्टर सर्वांत वरच्या सुरांत थोडी घसरण आणतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्या कानाला तो भाग बहुधा ऐकूच येत नाही. पहिला फिल्टर ठेवा आणि विसरून जा.

तरीही दुकानात नवा डॅक चांगला का वाजतो? कारण तो मोठ्याने वाजत असतो. साध्या आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांच्या) आउटपुटचं प्रमाण सुमारे २ व्होल्ट, महागड्या वस्तूंवरच्या बॅलन्स्ड (तीन पिनांच्या) आउटपुटचं ४ व्होल्ट. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल. अर्धा-पाऊण डेसिबल फरकसुद्धा ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘स्वच्छ, भरीव, जवळचा’ म्हणून कळतो. म्हणून आवाजाची पातळी जुळवल्याशिवाय केलेली कुठलीही तुलना फोल.

ही तुलना घरी नीट करता येते. जुन्या सीडी प्लेअरच्या मागे कोॲक्सिअल किंवा ऑप्टिकल आउट असेल तर काम फारच सोपं. प्लेअरचे लाल-पांढरे ॲनालॉग आउट अँपच्या ‘सीडी’ला जोडा. डिजिटल आउट उसन्या आणलेल्या डॅकला आणि डॅकचा आउट ‘ऑक्स’ला. आता एकच डिस्क, एकाच क्षणी, दोन वाटांनी अँपपर्यंत येते. रिमोटवर इनपुट बदललं की झालं.

पातळी जुळवायची ती अशी. ऑडासिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात ३०० हर्ट्झचा एकसुरी आवाज बनवा, पूर्ण पातळीच्या २० डेसिबल खाली, आणि साध्या सीडी-आरवर उतरवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर धरा. इथे एक अडचण येते: लॅमिंग्टन रोडवर सर्रास मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या मीटरमध्ये एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर १ आणि १.०५ यांतला फरक दिसणारच नाही. एसी २० व्होल्ट किंवा त्याहून लहान रेंज असलेला मीटर लागतो. सूर ३०० हर्ट्झचाच का, तर साधे मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे खोटं बोलायला लागतात. अँपचा व्हॉल्यूम असा ठेवा की मीटर एक ते दोन व्होल्ट दाखवेल. मग इनपुट बदला आणि डॅकचा व्हॉल्यूम एकेक पायरी उतरवत दोन्ही आकडे दोन टक्क्यांच्या आत आणा. दोन टक्के म्हणजे ०.१७ डेसिबल, तेवढं चालतं. मीटरच्या काड्या एकमेकींना टेकू देऊ नका, अँपचं आउटपुट शॉर्ट होईल.

यानंतर रिमोट दुसऱ्याच्या हातात द्या आणि पाठ करून बसा. समोरच्याने नाणं उडवून इनपुट लावायचं, लिहून ठेवायचं. तुम्ही कुठलं ते ओळखायचं. १६ वेळा करा. १२ किंवा अधिक बरोबर आले तर काहीतरी ऐकू येतंय असं मानायला जागा आहे, कारण नुसत्या अंदाजाने एवढं जमण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे. ९-१० आले तर तो नाण्याचाच खेळ. ऐकायला तानपुऱ्यावर संथ आलाप असलेली ख्यालाची सीडी उत्तम: जव्हारीचा झणकार विरत जातो तिथे बारीक गडबड लगेच उघडी पडते. सोबत तबला असलेलं काहीतरी घ्या, चाटीची कडक थाप आणि डग्ग्याची घुमक दोन्ही तपासून होतात.

एवढं केल्यावर चालू स्थितीतला सीडी प्लेअर आणि ई३० टू यांत फरक सापडणं विरळा. सापडला तर जुन्या प्लेअरमध्ये बिघाड शोधा. उष्णतेने वाळलेले आउटपुटचे कपॅसिटर हे नेहमीचं कारण.

मग डिजिटल भाग बदलावा कधी? त्याची कारणं आहेत आणि ती खरी आहेत.

पहिलं म्हणजे ब्लूटूथ. फोनमधून एसबीसीने, म्हणजे ब्लूटूथच्या नेहमीच्या दाबण्याच्या पद्धतीने, सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत जातं, तेही आधीच दाबलेल्या फाइलला पुन्हा दाबून. शिवाय जुन्या अँपला लावलेल्या स्वस्त ब्लूटूथ रिसीव्हरचा ॲनालॉग भाग सहसा यथातथा असतो, शांत जागी सूं सूं ऐकू येतं. वीम प्रो इथे स्पष्ट सुधारणा करतो. तो वाय-फाय किंवा लॅन केबलवरून थेट नेटवरून गाणं ओढतो, फोन फक्त रिमोटचं काम करतो. फोन वाजला तरी गाणं थांबत नाही. स्पॉटिफाय कनेक्ट, एअरप्ले २ आणि क्रोमकास्ट तिन्ही आहेत, त्यामुळे ज्या ॲपमध्ये कास्टची खूण आहे ते कुठलंही चालतं. सीडीच्या दर्जाला सेकंदाला फक्त १.४ मेगाबिट लागतात आणि २४ बिट-१९२ किलोहर्ट्झला ९.२, वीमचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचं आहे ही तक्रार करण्यासारखी गोष्टच नाही. मात्र लॅन केबल शक्य असेल तर ओढाच. टॉवरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांच्या नेटवर्कची गर्दी असते आणि ५ गिगाहर्ट्झ आरसीसीच्या दोन भिंती ओलांडताना दमतो. गाणं मध्येच तुटतं याचं कारण निम्म्या वेळा तेवढंच असतं.

दुसरं, सीडींचा साठा. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं. पुण्याच्या अलूरकरांच्या किंवा फाउंटनच्या जुन्या सीडी आज हव्या तेव्हा मिळतील याची खात्री नाही, आणि त्यातलं सगळंच स्ट्रीमिंगवर आलेलं नाही. घरात अशा दोन-तीनशे डिस्क असतील तर नव्या डॅकआधी त्या संगणकात उतरवून घ्या. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणि मॅकवर एक्सएलडी, दोन्ही मोफत. सिक्युअर मोड लावा, ॲक्युरेटरिप चालू ठेवा म्हणजे तुमची प्रत इतरांच्या प्रतीशी ताडून पाहिली जाते. फाइल फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता दाबणाऱ्या प्रकारात) ठेवा: एका तासाची सीडी मूळची सुमारे ६३५ मेगाबाइट, फ्लॅकमध्ये साधारण निम्म्यावर येते. पाचशे डिस्क २५६ गिगाबाइटच्या डिस्कवर मावतात. मात्र दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच. बुरशी धरलेल्या डिस्क सौम्य साबणाने धुऊन, मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका, गोल ओरखडा वाचताना जास्त त्रास देतो.

इथे वीम प्रोची एक गोष्ट आम्हाला मनापासून आवडते: गॅपलेस नीट चालतं. शास्त्रीय संगीताच्या सीडीवर एकच राग आलाप, विलंबित, द्रुत असा तीन ट्रॅकमध्ये कापलेला असतो आणि तानपुरा मात्र अखंड चालू असतो. कित्येक स्वस्त प्लेअर आणि टीव्हीवरची ॲप त्या जोडावर अर्ध्या सेकंदाची खाच पाडतात. रंगात आलेली बैठक तिथे मोडते. घरातल्या संगणकावर डीएलएनए सर्व्हर (घरच्या नेटवर्कवर फाइल पुरवणारा प्रोग्राम) चालवून फ्लॅक वीमवर वाजवले तर द्रुत बंदिशीची सम न तुटता येते. बिट आणि किलोहर्ट्झच्या सगळ्या चर्चेपेक्षा हा फरक मोठा आहे, आणि तो डोळे मिटून कोणालाही कळतो.

तिसरं, टीव्ही. ऑप्टिकल केबलने टीव्ही वीम प्रोला किंवा ई३० टूला जोडता येतो. जोडल्यावर आवाजच आला नाही तर वस्तू खराब समजून परत करू नका. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउट ‘पीसीएम’ करा. ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर डॉल्बी जातं आणि साध्या डॅकला ते उलगडत नाही. टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त व्हावा असं वाटत असेल तर एचडीएमआय एआरसी, म्हणजे एचडीएमआय केबलनेच टीव्हीचा आवाज बाहेर आणणारी सोय, लागते. ती वीम प्रोमध्ये नाही, महाग असलेल्या वीम अल्ट्रामध्ये आहे. ज्या घरात आजी-आजोबा टीव्ही पाहतात तिथे या एका कारणासाठी अल्ट्राचे जास्तीचे पैसे वसूल होतात. पण अल्ट्रामध्ये एअरप्ले नाही, तेव्हा घरात सगळे आयफोन असतील तर आधी विचार करा.

चौथं, लॅपटॉप. हेडफोनच्या भोकातून अँपला वायर लावली की माउस हलवल्यावर किरकिर, चार्जर लावल्यावर घूंऽऽ. हे ई३० टूचं खरं कार्यक्षेत्र. यूएसबीने जोडला की किरकिर बहुधा जाते. चार्जरची घरघर मात्र यूएसबीच्या तारेतूनही येऊ शकते. ऑप्टिकलमधून वीज जातच नाही, प्रकाश जातो, म्हणून लॅपटॉपला किंवा डेस्कटॉपला ऑप्टिकल आउट असेल तर तोच वापरा. याच कामाचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ॲपलचा यूएसबी-सीचा हेडफोन अडॉप्टर, हजाराच्या आसपास मिळतो. लांबीला बोटभर, पण आतला डॅक स्वच्छ आहे. उणीव एवढीच की आउटपुट २ व्होल्टऐवजी सुमारे १ व्होल्ट, युरोपातल्या आवृत्तीत त्याहून निम्मं, आणि काही अँड्रॉइड फोनवर तो गरजेपेक्षा हळू वाजतो. आयफोन किंवा मॅकवाल्यांनी मोठी खरेदी करण्याआधी हा लावून पाहावा. अनेकांचा शोध तिथेच संपेल. मॅकवर सॅम्पल रेट ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये हाताने बदलावा लागतो, विंडोजवर प्लेअरमध्ये ‘वासापी एक्स्क्लुझिव्ह’ निवडावं लागतं. नाही निवडलं तरी कानाला सहसा कळत नाही, पण एकदाच करायचं काम आहे, करून टाकावं.

आता घरघरीबद्दल थोडं सविस्तर, कारण मुंबईत डॅक परत करण्यामागे हे कारण वारंवार असतं. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स अँपला जोडला की ५० हर्ट्झचा जाडा हम सुरू होतो. दोष केबलवाल्याच्या किंवा गच्चीवरच्या डिशच्या तारेत असतो. ती तार इमारतीत दुसरीकडे कुठेतरी जमिनीला टेकलेली असते आणि तुमचा अँप तिसऱ्या पिनमधून वेगळ्या जागी. दोन अर्थिंगमधल्या फरकाची वीज सिग्नलच्या तारेतून वाहते. सेट-टॉप बॉक्सच्या मागची गोल तार स्क्रू फिरवून काढा. हम थांबला तर निदान झालं. मग टीव्हीपासून डॅकपर्यंत ऑप्टिकल वापरा किंवा त्या तारेत आयसोलेटर बसवा. अँपची तिसरी पिन तोडणारे कारागीर भेटतात. त्यांना तसं करू देऊ नका, बिघाड झाला तर पूर्ण पत्र्यात वीज उतरते. जुन्या चाळीत आणि उपकरप्राप्त इमारतीत तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नसण्याची शक्यता असते. अँपच्या धातूला ओझरता हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर डॅकआधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

समुद्राच्या हवेचाही हिशेब ठेवा. पावसाळ्यात आरसीएच्या पिनांवर थर धरतो आणि एक बाजू मधूनच गायब होते. लोक डॅकला दोष देतात. सगळ्या पिना काढून, दोनदा फिरवून परत लावल्या की बहुधा आवाज येतो. त्यानंतर काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा. जून लागण्याआधी आणि पाऊस ओसरल्यावर एवढं केलं तरी पुरतं.

ज्यांच्याकडे एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अँप) आहे त्यांच्यासाठी ई३० टू जवळजवळ निरुपयोगी आहे. रिसीव्हरला ॲनालॉग सिग्नल दिला की तो आत त्याचं पुन्हा डिजिटल करतो, सबवूफरची वाटणी आणि खोलीची दुरुस्ती (खोली जे सूर फुगवते ते कापणं) त्यावर करतो, मग स्वतःच्याच डॅकने बाहेर काढतो. हजारो रुपयांच्या डॅकने केलेलं काम पहिल्याच पायरीवर पुसलं जातं. ‘प्युअर डायरेक्ट’ लावलं तर ते वाचतं, पण खोलीची दुरुस्ती जाते आणि ती घालवणं हा वाईट सौदा. अशा घरात वीम प्रो घ्या आणि त्याचा कोॲक्सिअल आउट थेट रिसीव्हरला द्या. त्यासाठी खास केबलची गरज नाही. जुन्या डीव्हीडी प्लेअरसोबत आलेली पिवळ्या टोकाची व्हिडिओ केबल ७५ ओहमची असते, मीटरभर अंतराला तीच लावा.

वीम प्रो साध्या स्टीरिओ अँपला लावताना एक सेटिंग न चुकता बघा. ॲपमध्ये लाइन आउटची कमाल पातळी निवडता येते. बऱ्याच जुन्या अँपना पूर्ण आवाजासाठी ०.२ ते ०.५ व्होल्ट पुरतात. त्यांना २ व्होल्ट दिले की नॉब जेमतेम सरकवताच घर हादरतं. नॉबच्या त्या सुरुवातीच्या भागात डावी-उजवी बाजू सारखी नसते, गायक मधून एका बाजूला सरकतो. पातळी १ व्होल्ट किंवा त्याखाली आणा, नॉब दहा-अकराच्या काट्यावर येईल आणि गायक मध्यभागी. वीममध्ये यूएसबी-सी आहे ते फक्त विजेसाठी. लॅपटॉप त्याला यूएसबीने जोडता येत नाही. रिमोटही प्रोबरोबर येत नाही, प्लसबरोबर येतो. ॲनालॉग इनपुट आहे, पण आत गेलेलं सगळं डिजिटल होतं. रेकॉर्ड प्लेअर थेट अँपलाच ठेवा.

आणि वीम प्रो घेण्याचं आमच्या मते सर्वांत मोठं कारण: त्यातला पॅरामेट्रिक इक्वलायझर (नेमका हवा तो सूर कमी-जास्त करणारा) आणि खोलीची दुरुस्ती. १० बाय १५ फुटांचा, ९ फूट उंचीचा हॉल घ्या. लांबीमुळे ३७-३८ हर्ट्झला, रुंदीमुळे ५६ला आणि उंचीमुळे ६३ला खोली स्वतःच घुमते. काळी एकला गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, डग्गाही त्याच भागात बोलतो. आरसीसीच्या भिंती, चकचकीत टाइल्स, सरकत्या काचा. या खोलीत एखादा खालचा सूर दहा डेसिबलने फुगणं नेहमीचं, आणि चांगल्या डॅकांमधला फरक ०.१ डेसिबलच्या आत. सोफा मागच्या भिंतीला चिकटवलेला असेल तर तो फुगवटा सर्वांत जास्त. आधी सोफा फूट-दीड फूट पुढे घ्या, स्पीकर भिंतीपासून सोडवा, समोर जाड सतरंजी घाला. मग वीमच्या ॲपमधून फोनच्या माइकने मोजणी करा आणि दुरुस्ती २०० हर्ट्झच्या खालीच ठेवा. फोनचा माइक वरच्या सुरांसाठी भरवशाचा नाही. फुगवटे कापा, खड्डे भरू नका. खड्डा भरायला गेलं की अँप आणि वूफर दमतात आणि खड्डा तसाच राहतो. अधिक नेमकं हवं असेल तर यूमिक-१ माइक आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर. डग्ग्याचा प्रत्येक घिस्सा सुटा ऐकू यायला लागला की दुकानातल्या ‘आवाज उघडेल’ या शब्दांना पहिल्यांदा अर्थ येतो.

सीडी प्लेअर बिघडला म्हणून नवं घ्यायला निघाला असाल तर आधी हे करा. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणून म्हातारा लेझर शेवटच्या ट्रॅकवर अडखळतो. झाकण उघडून, वीज काढून, लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने हलकेच पुसा. दांड्यांवरचं वाळलेलं ग्रीस काढून नवं लावा. तरीही अडला तर पिकअप (लेझर आणि लेन्सचा भाग) बदलावा लागेल. ग्रँट रोड स्टेशनहून चालत लॅमिंग्टन रोडला गेलात तर जुने लोकप्रिय पिकअप मिळू शकतात, पण नकली माल पुष्कळ आहे, म्हणून मूळ पिकअप बरोबर न्या आणि बसवून, शेवटचा ट्रॅक वाजवून मगच पैसे द्या. तेही नको असेल तर कोॲक्सिअल आउट असलेला जुना डीव्हीडी प्लेअर आणि ई३० टू ही जोडी छान काम करते. अशा वेळी ई३० टूची शिफारस आम्ही निःसंकोच करतो.

खरेदीच्या वेळी तीन गोष्टी. जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी घ्या. पाहुण्यांनी परदेशातून आणलेल्या वस्तूला ती बहुधा नसते. अमेरिकेतून येणारी वस्तू आतल्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारी असेल आणि मागे फक्त ११५ किंवा १२० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर ती आपल्या २३० व्होल्टच्या भोकात घालू नका. १०० ते २४० लिहिलेल्या अडॉप्टरला भीती नाही. वीम प्रो आणि ई३० टू दोन्ही ५ व्होल्टवर चालतात. वापरलेला ई३० टू घेत असाल तर विकणाऱ्याने सोबत दिलेला अडॉप्टर ५ व्होल्टचाच आहे का ते वाचा, तिन्ही इनपुट स्वतः लावून पाहा, आणि गाणं थांबवून व्हॉल्यूम चढवल्यावर दोन्ही स्पीकरमधून काही येत नाही ना, ते कान लावून ऐका.